सुवर्ण आणि तैल : धार्मिक चित्रातील द्रव्याचा प्रश्न

चेन्नई शहराच्या दक्षिण भागात, विमानतळापासून जवळच, परंगीमलै नावाची एक लहानशी टेकडी आहे. इंग्रजांच्या काळापासून तिला सेंट थॉमस माउंट असेही म्हणतात. पोर्तुगीजांनी १५२३ मध्ये या टेकडीवर बांधलेल्या चर्चमध्ये माता मेरी आणि बाल येशू यांचे लाकडी फळीवरील एक जुने चित्र पूजेत आहे. ते सुवार्ताकार संत लूक याने स्वहस्ते रंगविले आणि संत थॉमसने पहिल्या शतकात ते आपल्याबरोबर येथे आणले, अशी तेथील भाविकांची परंपरागत श्रद्धा आहे. लूकच्या हातचे म्हणून पूजिले जाणारे हे एकच चित्र नव्हे. युरोपात अशी चित्रे अनेक आहेत, आणि तेथील चित्रकारांच्या संघांनी लूकलाच आपला संरक्षक संत मानले होते. कालनिर्णयाच्या दृष्टीने कलेतिहासकाराला या आख्यायिकेचा काही उपयोग नाही. परंतु धार्मिक चित्राकडून भाविकाची अपेक्षा कोणती असते, हे ती नेमके सांगते. फळी, रंग आणि हात हे त्या पवित्र व्यक्तींच्या प्रत्यक्ष सान्निध्यात होते, यात त्या चित्राचे सामर्थ्य सामावलेले आहे. चित्रकाराचे कौशल्य तेथे गौण ठरते.

याच शहरातील एग्मोरच्या शासकीय संग्रहालयाच्या संग्रहात तंजावर शैलीतील देवदेवतांची सुवर्णमंडित फलकचित्रे आहेत आणि राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांची तैलचित्रेही आहेत. फलकचित्र, सुवर्णचित्र आणि तैलचित्र यांची एका शहरात अशी गाठ पडली की अभ्यासकाचे मन आपोआप त्यांचा क्रम लावू लागते. आधी सोने, मग तेल. आधी कारागिरी, मग कला. आधी भक्ती, मग सौंदर्य. युरोपीय प्रबोधनाच्या इतिहासातून आपण हा क्रम उचलला आणि आपल्याकडील चित्रांनाही तो लावला. प्रस्तुत निबंधाचा हेतू त्या क्रमाची तपासणी करणे हा आहे. मद्रास आणि तंजावर येथील चित्रे डोळ्यांपुढे ठेवून पाहिले असता तो क्रम टिकत नाही, आणि तसे पाहिल्यावर फ्लॉरेन्समध्येही तो वाटतो तितका पक्का नव्हता असे दिसू लागते, एवढेच मला मांडावयाचे आहे.

प्रारंभी एका शब्दाविषयी लिहिणे आवश्यक आहे. मराठी समीक्षेत ‘माध्यम’ या संज्ञेला मोठा मान आहे. मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथापासून निरनिराळ्या कलांची माध्यमे आणि त्यांचे लयबद्ध संघटन हा आपल्या सौंदर्यविचाराचा मध्यवर्ती प्रश्न झाला. या चर्चेने पुष्कळ साधले. तथापि तिच्यात रंग म्हणजे रंगाचे संवेदन असे गृहीत धरलेले असते. तो रंग हिंगुळाचा की लाखेचा, अंड्याच्या बलकात कालविलेला की जवसाच्या तेलात, फळीवर की कापडावर, हे प्रश्न त्या चर्चेच्या उंबरठ्याबाहेर राहतात. म्हणून येथे मी ‘द्रव्य’ हा साधा शब्द वापरतो. माध्यम अर्थ वाहून नेते. द्रव्याला स्वतःचा इतिहास, किंमत, वजन आणि प्रसंगी पावित्र्यही असते. धार्मिक चित्रात हा भेद कळीचा ठरतो.

चेन्निनो चेन्निनी याने १४०० च्या सुमारास चित्रकारांसाठी लिहिलेली पुस्तिका हा द्रव्याच्या दृष्टीने लिहिलेला कदाचित सर्वांत निर्मळ ग्रंथ होय. तो वाचताना स्वयंपाकाचे पुस्तक वाचीत असल्याचा भास होतो. वेदीचित्रासाठी पॉप्लरसारख्या लाकडाची फळी घ्यावी, तिच्यावर सरसाचे हात द्यावेत, जुन्या तलम तागाच्या कापडाच्या पट्ट्या सरसात भिजवून तिच्यावर चिकटवाव्यात, मग जिप्समचा म्हणजे जेस्सोचा आधी जाड आणि नंतर बारीक थर चढवावा, तो खरवडून हस्तिदंतासारखा गुळगुळीत करावा. जेथे सोने लावावयाचे तेथे तांबड्या चिकणमातीचा लेप द्यावा, म्हणजे वर्खाला ऊब येते. वर्ख किती पातळ असावा याविषयीही चेन्निनी काटेकोर आहे : एका डकाटाच्या नाण्यातून सोनार १४५ पाने काढतात, ती १०० पेक्षा अधिक काढू नयेत, असे तो बजावतो. वर्ख बसला की तो घोटावयाचा. त्यासाठी विशिष्ट दगड सर्वोत्तम. तो नसल्यास कुत्रा, सिंह, लांडगा, मांजर, बिबट्या अशा मांसाहारी प्राण्यांचा दात चालतो. सिंहाचा दात फ्लॉरेन्सच्या किती चित्रशाळांत उपलब्ध असेल, हा प्रश्न बाजूला ठेवू.

हे वर्णन वाचणाऱ्या दक्षिणी माणसाला परक्याच्या घरी आपल्याच घरची भांडी पाहिल्यासारखे वाटते. तंजावरच्या चित्राला तमिळमध्ये ‘पलगै पडम्’ म्हणजे फळीवरचे चित्र असे नाव आहे. फणसाच्या लाकडाची फळी, तिच्यावर चिंचोक्याच्या खळीने चिकटविलेले कापड, त्यावर खडूची किंवा चुनखडीची पूड डिंकात कालवून दिलेले थर, मग घोटाई, आणि मग रेखाटन. दागिने, प्रभावळ, खांब, कमान आणि पडदा हे भाग त्याच पुडीच्या लगद्याने उठावदार करतात. त्यांत काचा, क्वचित मौल्यवान खडे बसवितात आणि वर सोन्याचा वर्ख दाबून बसवितात. रंग शेवटी येतो. येथे खनिज पूड आहे, कापड आहे, फळी आहे आणि सोने आहे. म्हणजे चेन्निनीच्या वेदीचित्राची सर्व अंगे आहेत. भेद आहेत तेही बोलके आहेत. तंजावरच्या वर्खाला जाडी अधिक असते आणि त्याखाली शिल्पाचा उठाव असतो. इटालियन चित्रकार सोने घोटून आरशासारखे सपाट करतो, तर तंजावरचा चित्रकार त्याला खळगे आणि उंचवटे देऊन प्रकाश फोडतो.

या साम्यातून कोणी कोणाकडून घेतले असा निष्कर्ष काढण्याचा मोह टाळला पाहिजे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील संस्कृत ग्रंथात चित्राच्या पृष्ठभागाची तयारी, म्हशीच्या कातड्यापासून काढलेला ‘वज्रलेप’, सोन्याचा वापर आणि वराहाच्या दाताने ते घोटण्याची रीत ही सर्व आलेली आहे. हा ग्रंथ चेन्निनीपेक्षा सुमारे पावणेतीनशे वर्षांनी जुना आहे, आणि ज्या कल्याणीत तो रचला गेला ते स्थळ, म्हणजे आजचे बसवकल्याण, मराठी-कन्नड सीमेवरचे आहे. कुत्र्याचा दात आणि डुकराचा सुळा यांत प्रभावाचे नाते शोधण्यापेक्षा एक साधी गोष्ट मान्य करणे बरे : फळीवर वा भिंतीवर देव आणावयाचा असेल तर माणसाला पृष्ठभाग तसाच तयार करावा लागतो आणि सोने तसेच घोटावे लागते. तुलनाकाराने प्रत्येक साम्याला प्रवासाचा मार्ग शोधीत बसू नये.

आता फ्लॉरेन्समध्ये काय घडले ते पाहू. लेओन बात्तिस्ता अल्बेर्ती याने १४३५ मध्ये चित्रकलेवर ग्रंथ लिहिला. त्यात तो सोन्याच्या वापराविषयी नापसंती व्यक्त करतो. त्याचे उदाहरण लक्षणीय आहे, कारण ते चित्रातून आलेले नसून व्हर्जिलच्या महाकाव्यातील डायडोचे आहे. राणीचा भाता, केसांचे बंध आणि वस्त्रे सुवर्णाची असली तरी चित्रकाराने ती साध्या रंगांनीच सोनेरी भासवावीत, त्यातच त्याच्या हाताचे अधिक कौतुक होते, असे तो म्हणतो. शिवाय सपाट फळीवरचे खरे सोने पाहणाऱ्याच्या जागेनुसार कुठे काळे तर कुठे झगझगीत दिसते, असा दृष्टिशास्त्रीय आक्षेपही तो घेतो. चित्राला लागून असलेल्या खांबांसारख्या अलंकरणात मात्र त्याला सोने चालते.

या उताऱ्याची तारीख विसरता कामा नये. १४३५ मध्ये इटलीत तैलरंगाचा पाया बसलेला नव्हता. अल्बेर्तीभोवतीचे चित्रकार अंड्याच्या बलकातील टेंपेराने आणि ओल्या गिलाव्यावर चित्रे काढीत होते. म्हणजे सोन्याविरुद्धचा युक्तिवाद तेलाच्या आधी आला. तो आला वक्तृत्वशास्त्रातून. अल्बेर्तीच्या ग्रंथाची घडण सिसेरो आणि क्विंटिलियन यांच्या वळणाची आहे, हे अभ्यासकांनी दाखविलेलेच आहे. विषय काहीही असो, श्रोत्याच्या मनात तो शब्दांनी उभा करणे ही वक्त्याची कसोटी. तीच त्याने चित्रकाराला लावली. सोने आणून ठेवणे आणि सोने भासविणे यांत दुसऱ्याला त्याने श्रेष्ठ ठरविले. तेलाने सोन्याला हुसकावले असे आपण शिकवितो. कालक्रम पाहता एका साहित्यशास्त्रीय मूल्याने आधी सोन्याची पदावनती केली आणि त्या रिकाम्या जागेवर नंतर तेल येऊन बसले, असे म्हणावे लागते.

तेल त्या जागी इतके चपखल बसले याची कारणे अर्थात त्याच्या द्रव्यातच आहेत. टेंपेरा काही क्षणांत वाळतो. म्हणून त्यात छटा जुळवावयाच्या तर बारीक रेघांची जाळी विणावी लागते. जवसाचे किंवा अक्रोडाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, ते हवेतील प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते. या दिरंगाईत चित्रकाराला अवधी मिळतो : कडा विरघळविता येतात, गालावरची सावली मानेवर नेता येते. दुसरा गुण पारदर्शकतेचा. तेलात मुरलेल्या रंगकणांतून प्रकाश आत शिरतो, खालच्या पांढऱ्या थरावरून परततो आणि रंगासह बाहेर येतो. यान व्हान आइकच्या गेंट येथील वेदीचित्रात (१४३२) वस्त्रांची आणि रत्नांची जी खोली दिसते ती अशा पातळ लेपांच्या राशीतून आलेली आहे. त्या वेदीचित्रातही सोन्याचा वर्ख आहे, आणि तो आहे वरच्या मधल्या, दैवी फलकांवर. तैलचित्रकलेचा मेरुमणी मानल्या गेलेल्या या कृतीनेही देवासाठी सोने राखून ठेवले, ही बाब पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही.

या लेपांतील तांबड्या रंगांपाशी मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. युरोपीय चित्रकार ज्यांना ‘लेक’ म्हणतात त्या पारदर्शक रंगांचे नाव आपल्या लाखेवरून, म्हणजे संस्कृत ‘लाक्षा’ या शब्दावरून, आलेले आहे. लाख भारतातून तिकडे जात असे. आपण पायांना जो आळता लावीत होतो त्याचे आणि मेरीच्या झग्यावरील तांबड्या लेपाचे हे नाते आहे. इंग्रजीतील ‘क्रिम्झन’ आणि आपला ‘किरमिजी’ हे तर एकाच कृमीचे वंशज. निळ्याचे नाव ‘अल्ट्रामरीन’, म्हणजे समुद्रापलीकडचा. तो बदख्शानच्या खाणींतील लाजवर्दी दगडापासून होई. मेरीची निळाई आशियातून येत होती आणि तिचा भाव करारात लिहिला जात होता. फ्लॉरेन्सच्या अनाथालयासाठी दोमेनिको गिर्लांदायो याच्याशी १४८५ मध्ये झालेल्या करारात निळा रंग औंसाला सुमारे चार फ्लोरिन किमतीचा अल्ट्रामरीनच असावा आणि आवश्यक त्या अलंकरणांना सोन्याची पूड वापरावी, अशी अट आहे. अल्बेर्तीच्या ग्रंथानंतर पन्नास वर्षांनी गिऱ्हाईक अजून द्रव्य मोजून घेत होते. मायकेल बॅक्संडॉल याने पंधराव्या शतकातील इटालियन चित्रांवरील आपल्या पुस्तकात (१९७२) दाखविल्याप्रमाणे त्या शतकाच्या उत्तरार्धात करारांतील भर हळूहळू द्रव्याकडून चित्रकाराच्या हाताकडे सरकला. पण हळूहळू. त्या सरकण्यात मागे राहिलेल्यांचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

कार्लो क्रिव्हेल्ली हा त्यांतील एक. १४७६ च्या त्याच्या वेदीचित्रात, जे आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, संत पीटरच्या हातातील किल्ल्या जेस्सोने अक्षरशः उठावाच्या केलेल्या आहेत. चित्रातील दागिने आणि मुकुट लगद्याने उंचावून त्यांवर सोने दिलेले आहे. तंजावरच्या एखाद्या चित्रकाराला हे चित्र दाखविले असते तर त्याला त्यात नवे असे काही वाटले नसते. क्रिव्हेल्लीला यथार्थदर्शन येत नव्हते असे नव्हे. त्याची कमानी-गल्ल्यांची चित्रे त्याबाबतीत कोणापेक्षा उणी नाहीत. त्याला दोन्ही येत होते आणि त्याने दोन्ही वापरले. जॉर्जो वसारीच्या ‘चरित्रां’त मात्र (१५५०, दुसरी आवृत्ती १५६८) त्याला जागा मिळाली नाही.

वसारीने ज्यांना जागा दिली त्यांच्याभोवती गुंफलेल्या कथा तुलनाकाराने साहित्य म्हणून वाचाव्यात. यान व्हान आइकची एक फळी उन्हात वाळताना तडकली, त्या उद्वेगातून त्याने तेलाचा शोध लावला; ते रहस्य आन्तोनेल्लो दा मेस्सीनाने इटलीत आणले, त्याच्याकडून ते दोमेनिको व्हेनेत्सियानोकडे गेले; आणि ते रहस्य मिळविल्यावर आंद्रेआ देल कास्तान्योने मत्सरापोटी दोमेनिकोचा खून केला. कथा उत्तम आहे. अडचण इतकीच की खुनी म्हणविला गेलेला कास्तान्यो १४५७ मध्ये वारला आणि ज्याचा खून झाला म्हणतात तो १४६१ मध्ये. तेलाच्या शोधाची कथाही अशीच. बाराव्या शतकातील थिओफिलस नावाच्या भिक्षूने जवसाच्या तेलात रंग वाटण्याची कृती दिली आहे, आणि ते वाळण्यास फार वेळ लागतो अशी तक्रारही केली आहे. ही गोष्ट १७७४ मध्ये एका स्वतंत्र निबंधातून युरोपपुढे मांडली ती गोट्होल्ड एफ्राइम लेसिंग याने. काव्य आणि चित्र यांच्या मर्यादा आखून देणारा ‘लाओकून’चा लेखक ग्रंथपाल या नात्याने एका हस्तलिखितावरून रंगाच्या कृतीचा वाद सोडवितो, ही आपल्या ज्ञानशाखेला शोभेशी घटना आहे, ‘लाओकून’ शिकविणाऱ्या आमच्यापैकी कितीजण तिचा उल्लेख करतो, हे मी विचारणार नाही. पुढे २००८ मध्ये बामियानच्या गुहांतील सातव्या शतकाच्या सुमाराच्या बौद्ध भित्तिचित्रांत वाळणारी तेले सापडल्याचे प्रसिद्ध झाले. तेव्हा तेल हे युरोपचे आणि सोने हे पूर्वेचे अशी वाटणी करता येत नाही.

वसारीच्या कथेतील ‘तेलाचे रहस्य’ हा कथाबंध मद्रास इलाख्यात पुन्हा अवतरतो. रविवर्म्यांच्या चरित्रांत तो ठरलेल्या जागी भेटतो : त्रावणकोरच्या दरबारातील रामस्वामी नायकर तैलरंगाचे तंत्र शिकविण्यास नकार देतो, १८६८ मध्ये आलेला थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार फक्त काम करताना पाहू देतो, आणि प्रतिभावान तरुण एकलव्यासारखा ते आत्मसात करतो. मराठी वाचकाला रविवर्मा परिचित आहेत ते बहुधा रणजित देसाई यांच्या कादंबरीमुळे, आणि अशा चरित्रकथेत रहस्य, मत्सर व जिद्द हे घटक किती सहज कादंबरीमय होतात हे सांगावयास नको. प्रसंग घडलेच नाहीत असे माझे म्हणणे नाही. परंतु तंत्रप्राप्तीची कथा रहस्यभेदाच्या साच्यात सांगितली की आपोआप एक पूर्वावस्था कल्पिली जाते, ज्यात ते रहस्य ठाऊक नसलेले, म्हणून मागासलेले लोक राहत असतात. रविवर्म्यांचे मामा राजराज वर्मा तंजावरी धाटणीची चित्रे काढीत. कथेच्या साच्यात ते त्या पूर्वावस्थेत जाऊन बसतात.

रविवर्म्यांच्या चित्रांत तेलाने साधले ते थोडे नव्हे. १८७३ मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात केशभूषा करणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला गव्हर्नरचे सुवर्णपदक मिळाले. १८७६ मध्ये मद्रासलाच ‘शकुंतला पत्रलेखन’ प्रदर्शित झाले, ते गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी विकत घेतले आणि पुढे मोनिअर विल्यम्सच्या ‘शाकुंतल’ भाषांतराच्या आरंभी त्याची प्रतिकृती आली. या दुसऱ्या चित्राने काय बदलले ते प्रकाशावरून कळते. वर्खाचा प्रकाश चित्राबाहेरून येतो. समईची ज्योत हलली की देवाच्या मुकुटावर तेज हलते. भाविक डावीकडून उजवीकडे गेला की ते त्याच्याबरोबर जाते. अल्बेर्तीने ज्याला दोष म्हटले तेच देवघरात दर्शन होते. तैलचित्रातला प्रकाश चित्राच्या आत असतो. त्याला दिशा असते, म्हणून प्रहर असतो. प्रहर असतो म्हणून क्षण असतो. आणि क्षण असला की पात्राच्या मनात काय चालले आहे हा प्रश्न उद्भवतो. शकुंतला विचारात पडलेली असते, तंजावरचा नवनीत कृष्ण कधीही विचारात पडत नाही. तेलाने पुराणातल्या व्यक्तींना अंतरंग दिले आणि त्याची किंमत म्हणून त्यांचे आपल्यासमोर असणे काढून घेतले. त्या आता त्यांच्या प्रसंगात मग्न असतात, आपल्याकडे पाहत नाहीत.

हॅवेल आणि आनंद कुमारस्वामी यांनी रविवर्म्यांवर केलेली टीका सर्वश्रुत आहे. परकी रीत, नाटकी अभिनय, आध्यात्मिकतेचा अभाव हे तिचे मुद्दे. मला या टीकेत आणि रविवर्म्यांच्या स्तुतीत एक गोष्ट समान दिसते : दोन्ही पक्ष तेलाला एका खंडाचे प्रतीक मानतात, ते चित्रात प्रत्यक्ष काय करते हे विचारीत नाहीत. विचारले असते तर व्हेनिसकडे पाहावे लागले असते. जोव्हानी बेल्लीनीचे फ्रारी चर्चमधील त्रिपुट वेदीचित्र (१४८८) आजही आपल्या मूळ जागी आहे. त्यात मेरीच्या मागील घुमटाकृती कोनाड्यात सोन्याची कुट्टिमकला दिसते, आणि ती संपूर्णपणे रंगाने रंगविलेली आहे. खरे सोने आहे ते भोवतीच्या कोरीव चौकटीवर. अल्बेर्तीचा सल्ला अक्षरशः पाळलेला. पण बेल्लीनीने काढलेले सोने हे सान मार्कोच्या जुन्या घुमटांचे सोने आहे. तेल येथे सोन्याची स्मृती जपते. तीस वर्षांनी त्याच चर्चमध्ये तित्सियानने (१५१६–१८) मेरीच्या स्वर्गारोहणाचे चित्र लावले, त्यातले आकाश निळे नाही, सोनेरी आहे. तैलचित्रकलेच्या ऐन भरात वर्खाचा पिवळा उजेड असा चित्रात परत आलेला आहे.

तंजावरकडे परत येऊ, कारण येथे निवडीचा पुरावा आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांचे राज्य होते. राजे मराठी, प्रजा तमिळ, आणि चित्रकार बहुतांशी तेलुगु बोलणारे राजू. आपण ज्याला तंजावर शैली म्हणतो ती या तीन भाषांच्या मध्ये वाढली. दुसरे सरफोजी (राज्यकाल १७९८–१८३२) श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेले, युरोपीय ग्रंथ व मुद्रिते जमविणारे राजे. सरस्वती महाल ग्रंथालयात शार्ल ल ब्रँ याची माणसांच्या व पशूंच्या मुद्रांची तुलना करणारी चित्रे आजही आहेत. चेहऱ्यावर भाव कसा येतो, छायेने गाल कसा गोल होतो, याचे प्रगत युरोपीय पाठ त्या राजवाड्यात होते. तंजावरच्या फलकांवरील पंख असलेली देवबालकेही त्या परिचयाची साक्ष देतात. युरोपातून आलेले जे हवेसे वाटले ते चित्रकाराने उचलले आणि देवाच्या वरच्या कोपऱ्यात बसविले. कृष्णाच्या अंगावर सावली मात्र त्याने पडू दिली नाही. अज्ञानामुळे असे झाले म्हणण्यास जागा राहत नाही. ज्या मराठी दरबाराच्या आश्रयाने हे घडले त्याच्या नाटकांची आणि काव्यांची आपण आस्थेने संपादने केली. त्याची चित्रे मात्र हस्तव्यवसायाच्या प्रदर्शनाकडे सोपविली. भेटवस्तूंच्या दुकानातून आपण ती आज विकत आणतो, आणि त्यांच्यावर मराठीत समीक्षा जवळजवळ नाही.

उलट दिशेचे एक उदाहरण आपल्याच साहित्यात आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. रविवर्म्यांनी युरोपीय द्रव्यात भारतीय देव आणले, तर स्टीफन्सने भारतीय द्रव्यात ख्रिस्ती आख्यान आणले. येथले द्रव्य म्हणजे ओवी आणि पुराणाची भाषा. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द त्याने घेतला तेव्हा त्या शब्दाबरोबर जे तेज आले ते त्याच्या धर्मशास्त्रातून आलेले नव्हते. ते त्या शब्दाच्या आधीच्या वापरातून, म्हणजे श्रोत्याच्या बाजूने, आले. वर्खावरचा उजेड समईकडून यावा तसे. ‘क्रिस्तपुराणा’च्या अभ्यासात आपण आशय ख्रिस्ती आणि माध्यम मराठी अशी विभागणी करून मोकळे होतो. ओवीला द्रव्य मानले तर विचारावे लागेल की त्या आशयाचे तिने काय केले. हा स्वतंत्र निबंधाचा विषय आहे.

रविवर्म्यांच्या तैलचित्रांचे पुढे काय झाले ते पाहणे येथे आवश्यक आहे. १८९४ मध्ये मुंबईत त्यांचा छापखाना सुरू झाला. पहिले चित्र निघाले ते शकुंतलेच्या जन्माचे. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, तैलयुक्त शाई, वर रोगण, कधी कॅनव्हासच्या विणीचा दाब; या चित्रांना ‘ओलिओग्राफ’ म्हणत, म्हणजे नावातच तेल होते. तेलाचा भास विकत मिळू लागला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेल्या. त्यांतील कित्येक प्रती आता संग्रहालयांत आल्या आहेत आणि त्यांवर घरच्या बायकांच्या हातचे काम दिसते : लक्ष्मीच्या छापील साडीवर खरे रेशीम चिकटविलेले, काठावर जर, मुकुटावर टिकल्या आणि मणी, गळ्यात काचेचे खडे. छापील चित्रातील दागिने चित्रकाराने अल्बेर्तीला संतोष वाटेल अशा रीतीने नुसत्या रंगांनी चमकविले होते. मैलापूरमधील एका तंजावर-मराठी कुटुंबाच्या देवघरात मी असे एक चित्र पाहिले, जुन्या फलकावरील राम-पट्टाभिषेकाच्या शेजारी टांगलेले. समईच्या उजेडात लक्ष्मीचा चेहरा अंधारात गेला होता. दिसत होती ती जर.